अल खोरची लॅटिन आळी

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, उत्तर कतारमधील लॅटिन अमेरिकन समाजाचा साद्यंत इतिहास प्रस्तुत ठिकाणी प्रथमच सादर होत आहे. हे काम नाशिकच्या एका बाईकडे आले आहे, त्याला इलाज नाही. ज्यांचा हा इतिहास आहे त्यांना मी आधी विचारलं होतं. ते म्हणाले, लिहू की, एवढं गाणं संपू दे. ते गाणं मी इथे राहायला आले तेव्हा सुरू होतं आणि अजून संपलेलं नाही.

‘उत्तर’ म्हटल्यावर कुणी बर्फाचे डोंगर डोळ्यांसमोर आणू नयेत. कतारमध्ये उत्तर म्हणजे दोह्यातून गाडी काढायची आणि शेजारी बसलेल्या पुणेकराला एखादा विषय द्यायचा. त्याचं बोलणं संपायच्या आत अल खोर येतं. थोडी खारफुटी, थोड्या मासेमारीच्या होड्या, आणि गावाबाहेर आम्हा गॅसवाल्यांची वसाहत. सगळे बंगले वाळूच्या रंगाचे आणि इतके एकसारखे, की आमचे हे पहिल्या महिन्यात दोनदा दुसऱ्याच्या घरात जाऊन सोफ्यावर बसले होते. एकदा तर चहाही घेऊन आले.

इतिहासाची सुरुवात एका आवाजाने होते. सकाळची वेळ, मी ओट्यापाशी ठेचा कुटून नुकती उसंत घेतलेली, आणि मागच्या खिडकीतून आलं: थप, थप, थप. हा आवाज जगात एकाच गोष्टीचा असतो अशी तोवर माझी ठाम समजूत होती.

“अहो! पलीकडे कुणीतरी भाकरी थापतंय!”

“अगं, कोण आहे, कुठले आहेत, विचारून तरी...” हे म्हणेपर्यंत मी ठेच्याची वाटी घेऊन मागच्या दाराने पळालेसुद्धा. वाळवंटात आलेल्या बाईला भाकरीचा आवाज ऐकू आल्यावर चौकशीला वेळ कुठे असतो?

दार उघडलं ते उंच, कुरळ्या केसांच्या, कोपरापर्यंत पिठात माखलेल्या बाईने. तळव्यांवर पांढऱ्या पिठाची जाडजूड भाकरी. मी चक्क मराठीत विचारलं, “ज्वारीची का?” तिने स्पॅनिशमध्ये काहीतरी लांबलचक उत्तर दिलं. मग दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि हसायला लागलो. तिने मला दंडाला धरून आत ओढलं, खुर्चीत बसवलं. तव्यावरची भाकरी मक्याची होती, आरेपा म्हणतात तिला. ती मधून चिरून तिने आत चीज भरलं. मी त्यावर ठेचा लावला. तिने घास घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं, टेबलाभोवती दोन चकरा मारल्या, नवऱ्याला हाका मारल्या, देवाला मारल्या, आणि परत येऊन वाटी स्वतःकडे ओढून घेतली.

त्या दिवसापासून ती मला ‘वेसीना’ म्हणते. त्यांच्या भाषेत शेजारीण. मीही तिला शेजारीण म्हणते. बाकीचं मोडक्या इंग्रजीत भागतं. आम्हाला एकमेकींची नावं येतात, पण ती फक्त गेटवरच्या सिक्युरिटीसमोर वापरतो.

शेजारीण आणि तिचा नवरा व्हेनेझुएलाचे, माराकाइबो गावचे. तिथे म्हणे तळ्याच्या पोटातून तेल काढतात. तिकडच्या तेल कंपनीत मोठी उलथापालथ झाली, चांगली अनुभवी माणसं घरी बसली, आणि मग जगात जिथे जिथे जमिनीखालून काही उपसायचं होतं तिथे तिथे ती गेली. इथे नेमका गॅस उपसायचा होता. एकजण आला, त्याने मेव्हण्याला बोलावलं, मेव्हण्याने वर्गमित्राला. आपल्या पुण्या-नाशिकच्या मंडळींनी जशी वसाहत भरली तशीच अगदी. मागोमाग कोलंबियाचे आले, मेक्सिकोचे आले. एक अर्जेंटिनाचाही होता. तो या सगळ्यांपासून अर्धा हात लांब उभा राहून त्यांचं काय चुकतं ते सांगायचा. आम्हा मराठी बायकांना त्याची ओळख करून द्यावी लागली नाही. आमच्यातही तसे दोघे-तिघे होतेच. फक्त ते सदाशिव पेठेतले होते.

आमच्या मागच्या गल्लीला मग आम्ही लॅटिन आळी म्हणू लागलो. आळीचा पहिला सांस्कृतिक धक्का आमच्या ह्यांना बसला. शेजारणीने आमच्या घरी पहिल्यांदा आल्यावर त्यांच्या रीतीप्रमाणे ह्यांच्या गालाला गाल लावून हवेत मुका घेतला. हे दोन पावलं मागे सरकले ते थेट चपलांच्या रॅकमध्ये. तिथून त्यांनी अत्यंत आदराने नमस्कार केला. पुढे वर्षभर दारावरची बेल वाजली, की हे आधी दोन्ही हात जोडायचे आणि मग दार उघडायचे. आता विचाराल तर आळीत सगळ्यात आधी गाल पुढे करणारा माणूस कोण, तर आमचे हे. त्या सदाशिव पेठेतल्या पुणेकरांपुढेसुद्धा. त्यांना ते अजून आवडलेलं नाही.

आणि वेळ! आम्ही सातला बोलावलं तर आपली मंडळी साडेसातला यायची, आणि उशीर झाला म्हणून मनातल्या मनात खूश व्हायची. लॅटिन आळी नऊला यायची, तीही अजून मोकळ्या केसांतून पाणी ठिबकत. तोवर आपल्या लोकांचं दहीभाताला हात घालून झालेलं असायचं. अशा रीतीने पहिले कित्येक महिने एकाच पार्टीत दोन समाज जेवले आणि त्यांची भेट फक्त आइस्क्रीमला झाली.

त्यांना खऱ्या अर्थाने एका टेबलावर आणलं केळीच्या पानांनी.

नाताळला त्यांच्यात आयाका करतात. मक्याच्या पिठाची उकड पानावर पातळ थापायची, आत शिजवलेलं सारण, वर ऑलिव्ह, बेदाणे, मग पानाची घडी घालून दोरीने करकचून बांधायचं आणि उकळत्या पाण्यात सोडायचं. म्हणजे आपली पानगीच. हिला फक्त पोटात सारण आणि कमरेला दोरी. घरातली सगळी माणसं रांगेने बसून करतात, एकट्याने करत नाहीत. तर पहिल्याच डिसेंबरात शेजारीण माझ्या दारात रडत उभी. हातात अॅल्युमिनियमची फॉइल.

“वेसीना, माझ्या आईने हे बघितलं तर ती मला मुलगी म्हणणार नाही. पान नाही इथे! वाळवंटात केळीचं पान कुठून आणू?”

“एवढंच?” मी म्हटलं. “गाडी काढ.”

मी तिला दोह्यात फरीज बिन ओमरानला घेऊन गेले. तिथे एका मल्याळी दुकानात मागच्या बाजूला, नारळांच्या पोत्याशेजारी, केळीच्या पानांच्या जुड्या उभ्या असतात. आपल्या सत्यनारायणाला आम्ही तिथूनच नेतो. तिने त्या हिरव्यागार जुडीला मिठी मारली. दुकानदाराने माझ्याकडे बघून हिंदीत विचारलं, “मॅडम ठीक हैं ना?” मी म्हटलं, “ठीक हैं, त्योहार है.” तो समजला. त्यालाही सण माहीत होते.

तेव्हापासून दर डिसेंबरला अंगणात लांब टेबल लागतं. आपल्या बायका पानं पुसायला, त्यांच्या बायका थापायला, सगळे नवरे बांधायला. आम्हा शाकाहारी मंडळींसाठी छोले-मशरूमचा वेगळा टोप. आमच्या ह्यांची गाठ इतकी पक्की, की ती पाइपलाइनला चालेल. खाताना सुटत नाही.

आता आळी पातळ झाली आहे. काँट्रॅक्ट संपली, खलास. कुणी स्पेनला गेलं, कुणी टेक्सासला. ज्यांची मुलं मोठी झाली ते शाळेच्या सोयीने दोह्यात, मदिनत खलीफात राहायला गेले. नवी तरुण पोरं येतात ती मुशैरिबच्या ऑफिसांत बसतात आणि अल खोर हे मासळीच्या हॉटेलाचं नाव आहे असं समजतात. आमच्या गल्लीत उरली ती शेजारीण, तिचा नवरा, समोरचं एक कोलंबियन जोडपं आणि ते गाणं.

अशा वेळी, मागच्या डिसेंबरात, शेजारणीची आई आली.

एवढीशी बाई. पांढरे केस घट्ट बांधलेले, काळी हँडबॅग मांडीवर, आणि बसणं असं, की जणू पुढचीच बस आपली. बरोबर एक सुटकेस. ती सुटकेस तिने हॉलमध्ये दाराशेजारी उभी केली आणि ती तिथेच उभी राहिली.

शेजारीण मागच्या दोरीवर कपडे वाळत घालताना मला म्हणाली, “वेसीना, ती कपाट वापरत नाही. बॅगेतून ड्रेस काढते, घालते, धुते, वाळवते, परत बॅगेत ठेवते.”

“नवीन जागा आहे गं. रुळायला वेळ लागतो.”

“आणि स्वयंपाकघरात येत नाही! माझी आई! जिने आम्हाला लग्न होईपर्यंत झाऱ्याला हात लावू दिला नाही! उंबऱ्यापर्यंत येते, आत बघते, उसासा टाकते आणि परत जाऊन बसते. म्हणते, मी पाहुणी. पाहुणी स्वयंपाकघरात जात नाही. जानेवारीत मी माझ्या घरी जाणार.”

घर म्हणजे माराकाइबोचं. तिथे आता तिचं कुणी उरलं नव्हतं. चारही मुलं चार देशांत, वीज मर्जीने येते, पाणी त्याहून मर्जीने, आणि बाई एकटी. शेजारणीला आईला इथे ठेवून घ्यायचं होतं, कायमचं. कागदपत्रांचं नवरा बघणार होता, इन्शाल्ला होईल म्हणत होता. पण आईच हो म्हणेना.

“जबरदस्ती कर,” मी म्हटलं.

“तिला? तू तिला बघितलंस ना?” शेजारणीने चिमटा माझ्यावर रोखला. “फक्त नाताळ उरलाय. आयाका तिच्या हातच्यासारख्या झाल्या, आणि तिला एकदा, एकदाच वाटलं की हे आपलंच घर आहे, तर मी लगेच ती सुटकेस उघडते. नाही झाल्या, तर गेली ती.”

नेमक्या त्याच वेळी माझ्या सासूबाईही नाशिकहून आलेल्या होत्या. दोन्ही म्हाताऱ्यांना एकमेकींचा शब्द कळत नव्हता आणि त्यामुळे त्यांचं उत्तम जमलं होतं. दुपारी अंगणात शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसायच्या. सासूबाई मराठीत आपल्या जावेची तक्रार सांगायच्या, ती स्पॅनिशमध्ये बहुधा नणंदेची सांगायची, आणि दोघी योग्य जागी “हो ना!” अशी मान हलवायच्या.

“बाई चोखंदळ आहे हो,” सासूबाई मला म्हणाल्या. “काल माझी पुरणपोळी खाण्याआधी उजेडात धरून बघितली. कडेपर्यंत पुरण गेलंय का ते! मला आवडली.”

आयाकांचा दिवस उजाडला. शेजारणीच्या घरात चिकनचा टोप, आमच्याकडे छोल्यांचा, मागची दोन्ही दारं सताड उघडी, मध्ये अंगणात टेबल. आई आपल्या खुर्चीत, हँडबॅगेसह. पाहुणी! शेजारणीच्या कपाळावर डिसेंबरातही घाम. ती दर दोन मिनिटांनी आईकडे बघायची आणि आई आकाशाकडे.

सासूबाई देखरेख करत फिरत होत्या. फिरता फिरता शेजारणीच्या हॉलमध्ये गेल्या. तिथे शेजारणीने ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला होता: गोठा, गाई, मेंढ्या, आई, बाबा आणि मध्ये रिकामी गव्हाण.

“अगं, पाळणा रिकामा का?”

“आई, बाळ अजून जन्मलं नाही,” मी सासूबाईंना म्हटलं. “उद्या बारा वाजता ठेवतात.”

“दुपारच्या की रात्रीच्या?”

“रात्रीच्या.”

शेजारीण मध्ये पडली, मी दुभाषी. यंदा तिच्या नवऱ्याला रात्रपाळी होती, म्हणून ते सगळं दुपारीच उरकणार होते.

“छान!” सासूबाई खूश. “रामनवमीचा मुहूर्त. आणि हे सगळं जे शिजतंय ते उद्या आधी बाळाला दाखवणार ना?”

शेजारीण म्हणाली, दाखवतो असं नाही, पण गव्हाणीसमोरच जेवतो.

सासूबाईंचा चेहरा एकदम बदलला. “म्हणजे नैवेद्य! चव कुणी घेतली नाही ना?”

मी हातातला डाव मागे लपवला. लपवायचं कारण नव्हतं, अजून मी चव घेतलेली नव्हती, पण सासूबाईंच्या आवाजाने हात आपोआप मागे जातो.

आमची कन्या पान पुसता पुसता म्हणाली, “आजी, यू कान्ट जस्ट मेक रूल्स फॉर देअर ख्रिसमस!”

“रूल माझा नाही, देवाचा आहे. आधी देवाने खायचं, मग आपण. त्यांचा देव काय उष्टं खातो?”

मी घाबरत घाबरत शेजारणीला समजावून सांगितलं. वाटलं, चिडेल. ती तर आनंदाने टाळ्याच वाजवायला लागली! इतकी सुंदर गोष्ट आमच्या आजीने आम्हाला का नाही सांगितली, म्हणाली. लगेच तिने अंगणात उभं राहून स्पॅनिशमध्ये जाहीर केलं की आज कुणीही, कशाचीही चव घ्यायची नाही. बाळ येशू आधी! कोलंबियन नवऱ्याचं बोट चिकनच्या टोपाकडे निघालेलं होतं. त्याच्या बायकोने त्यावर झारा हाणला. नवधर्मांतरितांचा उत्साह काय असतो तो मी त्या दिवशी पाहिला. शेजारणीचा नवरा बेदाणा खाताना पकडला गेला तर त्याला तोंड धुवायला लावलं. सासूबाई दोन दारांच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभ्या. संध्याकाळपर्यंत ढीगभर आयाका बांधून, उकडून तयार. एकही उष्टी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला आम्ही सगळे गव्हाणीसमोर. शेजारणीने बाळ ठेवलं. सासूबाईंनी पाळणा म्हटला, चांगला चार कडव्यांचा, आणि सगळ्यांच्या तळहातावर सुंठवडा दिला. आईने आपल्या वाट्याचा सुंठवडा उजेडात धरून बघितला, तोंडात टाकला आणि तिला अशी सणसणीत शिंक आली की गोठ्यातली एक मेंढी आडवी झाली. सासूबाई म्हणाल्या, “सत्य आहे.”

मग पानं वाढली. शेजारणीने आईच्या ताटात स्वतःच्या हाताने आयाका ठेवली, दोरी सोडली, घडी उघडली. वाफ आली. रंग सुरेख, आकार सुरेख. आईने हँडबॅग सरळ केली आणि काटा उचलला. शेजारणीने टेबलाखाली माझा हात धरला.

मी तोवर माझ्या आयाकेचा घास घेतला होता. आणि मला कळलं.

मीठ नव्हतं.

कमी नव्हतं. नव्हतंच. मी शेजारणीकडे बघितलं, तिनेही घास घेतला होता, आणि तिचा चेहरा पिठासारखा झालेला. सारणावर ऑलिव्ह पडतात, ते मुळात खारट. म्हणून मीठ घालायचं ते सगळ्यात शेवटी, चव बघून. चव कुणी बघितली नव्हती. शेजारणीला वाटलं कोलंबियन बाईने घातलं, कोलंबियन बाईला वाटलं मी घातलं, आणि मी देवाच्या भरवशावर होते. उकडीतही तीच तऱ्हा. दोन टोप, दोन धर्म, आणि चिमूटभर मीठ नाही.

कोलंबियन नवऱ्याने मीठदाणीकडे हात नेला. बायकोने टेबलाखालून लाथ मारली. आमचे हे खाली मान घालून इतक्या मन लावून चावत होते, जणू चावण्याची परीक्षा आहे. फक्त सासूबाई शांतपणे जेवत होत्या.

“सात्त्विक झालंय,” त्या म्हणाल्या. “पित्ताला चांगलं.”

आई चावत राहिली. शेजारीण माझ्या कानाशी पुटपुटली, “संपलं, वेसीना. जानेवारीत गेली ती.” आणि तिचे डोळे भरले. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि या दोन्हींच्या मध्ये बेमिठाचा घास अडकला होता.

आईने काटा खाली ठेवला. तोंड पुसलं. हँडबॅग उचलली, बाजूच्या खुर्चीवर ठेवली. उठली. सुटकेसच्या दिशेने निघाली असं वाटून शेजारीण अर्धी उभी राहिली. पण बाई सुटकेसवरून पुढे गेली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पोचली, आणि या वेळी थांबली नाही.

आतून आवाज यायला लागले. एक कपाट उघडलं, आपटलं. दुसरं उघडलं, आपटलं. एक डबा ओट्यावर सरकला, मग दुसरा, मग सगळेच सरकायला लागले. मग ती दारात आली. बाह्या वर सारलेल्या, हातात मिठाची बरणी, गाल लाल. आणि तिच्या तोंडून ते इतक्या जोरात निघालं, की माझ्या कामचलाऊ स्पॅनिशलाही शब्दन् शब्द कळला:

“या घरात मीठ साबणाच्या शेजारी ठेवतात! पुढच्या वर्षी टोपापाशी मी उभी राहणार, चव मी बघणार, आणि देवाला काय सांगायचं ते मी सांगेन!”